भिंतीवरचं अंजीर

बाबाचं अंजिराचं झाड भावानं तोडलं, तवा मी त्याच्या तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून रेल्वेनं भिलाईले आणल्या. त्या झाडाचं पहिलं अंजीर बाबा माह्याच तोंडात घालत. त्यायचं मधलं बोट विळ्यानं अर्धं गेलं होतं.

आमचे हे तिथं पोलादाच्या कारखान्यात होते; त्याची भट्टी तवा बांधूनच राहिले होते. क्वार्टरच्या बिनखिडकीच्या खोलीत डालडाच्या डब्यात काड्या रोवल्या अन् दिवसभर दोनशेचा बल्ब लावून ठेवला.

शेजारची सिंधुताई म्हणे, "कावून वं, लाकडं शेकून राहिली का?"

आमच्या यायनं तं सांगूनच टाकलं, "इतवारपर्यंत पान नाही फुटलं, तं काड्या सिगडीत."

शुक्रवारी पाहिलं तं काड्या तशाच उघड्या, पण भिंतीवर त्यायच्या सावलीले दोन पानं. मी काड्या चाचपल्या. बोटाले काहीच लागलं नाही. शनिवारी सावली छताले टेकली.

इतवारी सकाळी हे सिगडी पेटवून आले. मी सिंधुताईलेही बोलावलं. म्हटलं, "काड्या मंग जाळा, आधी भिंत पाहा."

सावलीत अंजिरं लदबदली होती.

हे बाहीर गेले अन् पेटल्या सिगडीवर बादलीभर पाणी ओतलं. सिंधुताई तोंडाले पदर लावून उभी.

तवाच पानायच्या सावलीतून एक हात निघाला. मधलं बोट अर्धं. त्यानं एक अंजीर तोडलं अन् माह्या सावलीच्या तोंडाजवळ नेलं.

मी सिंधुताईकडं पाहत ऐटीत तोंड उघडलं. जिभेवर गोड रस उतरला.