बसलेली गादी

"नवी गादी काढून टाका, काका," ती केबिनमधून उतरत म्हणाली.

मिस्त्रींनी हात पुसायचा फडका खांद्यावर टाकला. लांब नाकाचा तो जुना ट्रक भंगारातून ओढून आणला, तेव्हा नुसता सांगाडा आणि ड्रायव्हरची जुनी गादी उरली होती. चौदा महिने खपून त्यांनी त्यात जीव आणला होता. ड्रायव्हरची सीट तर स्वतः स्प्रिंगा बसवून भरली होती.

"जुनी पार बसलीय, ताई. चार बोटं खाली."

"बसलेलीच हवी."

तिचं पहिल्यापासून हे असंच. ती ग्रंथालयात नोकरीला होती. वडील गेले आणि महिन्याभरात ती एका ट्रकचा नंबर लिहिलेला कागद घेऊन भंगारवाल्यांचे उंबरे झिजवू लागली. हा ट्रक तिच्या वडिलांनी चालवलेला. एका दुपारी ते त्यातून उतरले आणि पुन्हा कधी कुठल्याच स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही. तिला ट्रक हवा होता तो त्या दुपारी होता तसा. तसूभरही फरक नको. का, ते मिस्त्रींनी विचारलं नव्हतं. हौसेला कारण विचारू नये, असं त्यांचं मत होतं.

पण त्यांचीही हौस होती. जुने ट्रक नटवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेळाव्यात त्यांच्या गाड्या लागल्या की लोक बाकीच्या गाड्यांकडे पाठ करून उभे राहत. बंपरला क्रोम, दोन सुरांचा भोंगा, बॉनेटवर सोनेरी वेल असं सगळं त्यांनी सुचवून पाहिलं. ती जुना फोटो पुढे धरून नाही म्हणायची. टायर जुन्याच मापाचे, आरसा तेवढाच लहान. बॉनेटची उंची तर तिने स्वतः टेप लावून तीनदा मोजली. मिस्त्रींची बायको म्हणायची, हे गिऱ्हाईक नाही, तुमची दुसरी सासू आहे.

"म्हाताऱ्या नवरीला नटवायचंच नाही, तर लग्नाला नेता कशाला?" मिस्त्रींनी एकदा चिडून विचारलं होतं.

"लग्नाला न्यायचंच नाही, काका."

आज त्यांनी मुकाट्याने नवी गादी काढली आणि जुनी बसवली. ती वर चढली, दार ओढून घेतलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मग खिडकीतून, पुढे बघतच, तिने सांगितलं.

गोदामाच्या फाटकाबाहेर ट्रक उभा होता. वडिलांनी तो सुरू करून पुढे घेतला. एक बाई तुटलेली चप्पल उचलायला समोर खाली बसली होती, ती चाकाखाली गेली. कोर्टाने त्यांना सोडलं, लोकांनी सोडलं नाही. त्यांनी तिला पाहिलं होतं, घाई होती, ती उठेल म्हणून त्यांनी गाडी घेतली, असं लोक म्हणत राहिले.

"बाबा म्हणायचे, मला दिसलीच नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तेच. मी लहानपणापासून हो म्हणून मान हलवत आले, तेव्हाही हलवली. उंची मी त्यांचीच घेतलीय. डोळेही चांगले आहेत माझे. तुम्ही समोर जाऊन बसाल, काका? डाव्या दिव्यापासून तीन हात पुढे. कोर्टाच्या कागदात तेवढंच अंतर आहे."

मिस्त्रींनी पावलांनी अंतर धरलं. गुडघे कुरकुरले, पण ते बसले. चप्पल उचलताना माणूस वाकतो तसे वाकले, आणि मान वर करून त्यांनी काचेकडे पाहिलं.

शेजारच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ते ठोकणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"दिसत नाही," वरून तिचा आवाज आला. मग आणखी थोड्या वेळाने, "काहीच दिसत नाही, काका. बाबा खरं बोलत होते."

मिस्त्री जागचे हलले नाहीत. बॉनेटच्या कडेवरून, काचेपलीकडे, तिचे दोन्ही डोळे त्यांना स्पष्ट दिसत होते. ती थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती.