थापाड्या

सकाळी नऊ वाजता थापाड्याला खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडलं, तेव्हा चाळणीबाई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या होत्या. हातात वही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तीन वर्षांच्या वादाचा सोक्षमोक्ष आज लागणार होता आणि निकाल काय लागणार, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

थापाड्या म्हणजे बर्फाला घासून रंग उडालेलं, माणसाएवढं एक पिवळं नळकांडं. ध्रुवाजवळच्या एका उपसागरात तो दर दहा दिवसांनी तळाशी जायचा, पाण्याचं तापमान मोजायचा, बर्फात फट सापडली की डोकं वर काढायचा आणि आकडे उपग्रहामार्फत या कचेरीत पाठवायचा. आकडे तपासायचं काम बाईंचं. खऱ्या आकड्यापुढे एक, टाकाऊ आकड्यापुढे चार, असा इथला शेरा. तीस वर्षांत बाईंच्या हातून एकही चुकीचा आकडा निसटला नव्हता. चाळणीबाई हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तिथल्या तळाचं पाणी शून्याखाली दीड अंश. खारं म्हणून गोठत नाही इतकंच. बाई नोकरीला लागल्या तेव्हाही वजा दीड, त्यांच्या आधीच्या साहेबांच्या वह्यांतही वजा दीड. आणि हा पठ्ठ्या एके दिवशी शून्याच्या वर चढला, तो खाली उतरेचना. आसपास विचारायला दुसरं यंत्र नव्हतं. बाईंनी त्याचं नाव थापाड्या ठेवलं आणि एकशे बारा वेळा चार दिला. गेल्याच महिन्यात अहवाल छापून गेला होता: तळाच्या पाण्यात लक्षणीय बदल नाही. खाली सही बाईंची. मग एका बोटीला तो तरंगताना सापडला आणि तपासणीसाठी इथे आला.

"वजा दीड," हौद सांभाळणारे मिस्त्री म्हणाले. त्यांनी आधी आपला प्रमाण तापमापक पाहिला, मग थापाड्याला जोडलेला पडदा. "हाही वजा दीडच म्हणतोय."

"गारठ्यात सगळेच खरं बोलतात," बाई म्हणाल्या. "चढवा."

मिस्त्रींनी हीटर लावला. या कामात घाई चालत नाही. पाणी ढवळत राहायचं, अर्धा अंश चढवायचं, थांबायचं, वाचायचं. वजा एक. वजा अर्धा. शून्य. प्रत्येक पायरीला थापाड्या बिनचूक. शून्याला बाईंनी वहीत लिहायचं थांबवलं.

"तुमचाच तापमापक चुकत असेल."

"चोर सोडून संन्याशाला फाशी होय, बाई?" मिस्त्री हसले. तरी उठले, कुलपातला दुसरा तापमापक काढून आणला आणि हौदात सोडला. दोन्ही तापमापक एकमेकांशी जुळले. थापाड्या दोघांशी जुळला.

साडेबाराला पाणी शून्याच्या वर नऊ दशांशावर आलं. थापाड्याने समुद्रातून पाठवलेला शेवटचा आकडा तोच होता. तिन्ही ठिकाणी आता तोच दिसत होता.

"एकशे बारा वेळा तो खरं बोलला," बाई म्हणाल्या, "आणि एकशे बारा वेळा मी त्याला खोटं पाडलं."

"तीस वर्षं जे पाहिलंत त्यावरून ठरवलंत. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं."

"माझ्या जागी कुणी नव्हतं, मिस्त्री. मीच होते."

मिस्त्रींनी तपासणीचा कागद पुढे ओढला, पण पेन उघडलं नाही. "बोटीवर चढवताना तो आपटला असेल. तेव्हापासून बरोबर दाखवायला लागला, असंही असू शकतं. तसं लिहू का?"

"आपटून दुरुस्त झालेलं यंत्र पाहिलंय कधी?"

"आमचा रेडिओ."

बाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. "नका लिहू तसं. साहेबांकडे मी जाते. अहवाल मागे घ्यायला लावते."

पण त्या उठल्या नाहीत. मिस्त्री फडक्याला हात पुसत हौदाकडे बघत होते.

"हे चारशे लिटर पाणी," ते म्हणाले. "एवढंसं चढवायला आपली अख्खी सकाळ गेली. तिथे किती पाणी असेल हो?"

तो उपसागर किती लांब, किती रुंद, किती खोल, हे बाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी गुणाकार मांडला. शून्यं लिहीत गेल्या आणि मध्येच पेन खाली ठेवलं. तेवढं सगळं पाणी बर्फाखालच्या काळोखात, कुणाला न विचारता, गपचूप बदललं होतं. त्यांना भीती वाटली. आपल्या डोळ्यांसमोर केवढी प्रचंड गोष्ट घडत होती, या विचाराने अंगावर काटा आला. मघाची लाज कुठल्या कुठे गेली. त्या लाजेला तिथे जागाच नव्हती.

बाईंनी बाही सरसर वर केली आणि कोपरापर्यंत हात हौदात घातला.

"अहो बाई! बधिर होईल हात!"

त्यांनी हात तसाच ठेवला. बोटं लाल झाली, मग मनगट. ठणका हाडात शिरला तसे त्यांनी दात आवळले, पण त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही.

"केवढं गरम आहे हो हे," बाई म्हणाल्या.