जिज्ञासाचं पान

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. बदलापूरच्या कात्रप भागातली एक मराठी शाळा. शाळा सुटलेली आहे. संगणकाच्या खोलीत टेबलावर एक स्कॅनर, शेजारी संगणक, आणि त्या दोघांसमोर कपाळाला हात लावून बसलेल्या अनुयाबाई. पडद्यावर लिहून आलंय, 'स्कॅनर सापडला नाही.' स्कॅनर बाईंच्या कोपराला टेकलेला आहे.

"अरे मेल्या, हा काय इथे!" बाई पडद्यावर खेकसल्या.

मागच्या बाकावर बसलेली चौथीतली जिज्ञासा खुदकन हसली. तिचे बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून सुटून तिला न्यायला येत, तोवर ती बाईंजवळच थांबायची.

काम तसं साधं होतं. शाळेचं हस्तलिखित दरवर्षी निघे. मुलांनी आपापल्या अक्षरात लिहिलेल्या गोष्टी, कविता, काढलेली चित्रं. एरवी ते शिवून वाचनालयात ठेवत. यंदा एका स्पर्धेसाठी त्याची पानं स्कॅन करून संध्याकाळच्या आत पाठवायची होती. नियम कडक होता. मजकूर मुलाच्याच हातचा हवा, टाइप केलेला चालणार नाही.

स्कॅनर उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, सॉफ्टवेअर में सब ऑटोमॅटिक है. आपको कुछ देखना ही नहीं पड़ेगा."

आणि ते खरंच सगळं आपल्या मनाने करत होतं. विनीतची कविता त्याने परस्पर उलटी फिरवली. किर्तीने समासात काढलेली वेल कापून टाकली. दोन पानं एकदम गिळली आणि वर ऐटीत सांगितलं, 'काम यशस्वी.'

"सर, हे यशस्वी झालंय म्हणे!" बाई कडाडल्या.

संगणक शिकवणारे जयदेवसर चहाचा कप घेऊन आत आले. "रिस्टार्ट मारलं का?"

"मारून मारून बोट दुखायला लागलं."

"मग ड्रायव्हर काढून परत टाकू."

"सकाळपासून तेच तर करतोय आपण! आता मलाच काढून परत टाका."

सरांनी कप बाजूला ठेवला, केबल उपसली आणि पुन्हा खोचली. कशाने कोण जाणे, यंत्राचं डोकं ठिकाणावर आलं. पानं सुरळीत येऊ लागली. बाईंनी सुस्कारा सोडला आणि अनुक्रमणिकेशी पानं ताडून पाहिली. एक पान कमी.

"आता कुणाचं खाल्लं याने?"

"जिज्ञासाचं," सर म्हणाले.

बाईंनी ते पान गठ्ठ्यातून शोधलं, एकटंच काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. आतला दिवा सरकत गेला. पडद्यावर अक्षरं आली, 'कोरं पान आढळलं. वगळलं आहे.'

"कोरं? डोळे फुटले का तुझे?" बाई ओरडल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

जिज्ञासाला जन्मापासून दिसत नव्हतं. ते पान तिने ब्रेलमध्ये लिहिलं होतं. जाड पांढऱ्या कागदावर सळईने टोचून उठवलेले ठिपके, शाईचा एक थेंब नाही. जिन्यावर वाजणाऱ्या पावलांवरून इमारतीतलं कोण आलं ते आपण कसं ओळखतो, हे तिने त्यात लिहिलं होतं. हस्तलिखितात तिचं लिखाण पहिल्यांदाच येणार होतं. घरी तिने सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं.

सरांनी बरीच शोधाशोध करून 'कोरी पानं वगळा' यापुढची खूण काढली. पान आलं. पांढरंशुभ्र. ठिपक्यांच्या पुसट सावल्यासुद्धा सॉफ्टवेअरने डाग समजून पुसल्या होत्या. ती सफाई बंद करायचा पर्याय समोर दिसत होता, पण करडा होऊन बसला होता. सर त्यावर टिचक्या मारत राहिले. तो ढिम्म हलेना.

"टाइप करून जोडू या का?" सर म्हणाले.

"बाद करतील." बाई वळल्या. "जिज्ञासा, तू वाचून दाखव. मी लिहून घेते."

"नको ना बाई. मग ते तुमचं अक्षर होईल."

"अगं, मग काय कोरा कागद पाठवू? बघणाऱ्यांना वाटेल, शाळेने चुकून घातलाय!" बाईंचा आवाज चढला. दिवसभराचा सगळा वैताग त्यात उतरला होता. "संध्याकाळ होत आली. तुझं पान गाळूनच पाठवावं लागणार बघ."

जिज्ञासाने स्कॅनरच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग तिने विचारलं, "बाई, त्या मशीनला काय दिसतं?"

"काचेवर ठेवू ते दिसतं. तुझे ठिपके तेवढे दिसत नाहीत."

"काहीही ठेवलं तरी दिसतं?"

"हो गं, काहीही."

ती उठली. बाकांच्या कडा चाचपत टेबलापाशी आली आणि स्कॅनरचं झाकण उचललं. पान काचेवर पालथं पडलं होतं. त्याची कड वर करून तिने आपला हात काचेच्या आणि पानाच्या मध्ये सरकवला, तळवा वर करून. बोटांनी ठिपके शोधले आणि वाचताना ठेवायची तशी ती पहिल्या ओळीवर स्थिर ठेवली.

"अगं, हात काढ! तोही येईल त्यात!"

"येऊ दे की, बाई," ती म्हणाली. "कोरं पान कुणी वाचत बसतं का?"

आणि दुसऱ्या हाताने चाचपून बटण तिनेच दाबलं.