पासपोर्टले कुंकू

"कायले लावलं वं कुंकू?" जगदेव ओरडला. "पासपोर्ट हाय तो. ट्रॅक्टर नाही."

तुळसाबाईनं देवापुढचा पासपोर्ट उचलून छातीशी धरला. निळ्या कव्हरावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. "नवी वस्तू हाय. अशीच कशी वापरू?"

परवा मस्कतचं विमान होतं. तिथं त्यांची एकुलती एक पोर, निकिता, दिवस भरत आलेली. तिची सासू पाय मोडून पडलेली. बाळंतपण करायला दुसरं कोणी नव्हतं.

पासपोर्टवर डाग दिसला की माघारी धाडतात, असं जगदेवला आसेगावातल्या चौघांनी सांगितलं होतं. त्यांतला एकही कधी विमानात बसला नव्हता.

"मी माह्या पासपोर्टचा पक्का बंदोबस्त केला," तो म्हणाला. "शेलूबाजारच्या झेरॉक्सवाल्याकडून. तुहाही नेला होता. माहा झाला अन् लाइट गेली."

"मंग माहं अडन काय?"

"अडलं तं तुहं नशीब. तुले माघारी धाडलं तं मी काही थांबणार नाही."

"अन् पोरीचं बाळंतपण तुमी करसान?"

जगदेव उठला अन् बॅगेचं कुलूप पुन्हा ओढून पाहू लागला.

मुंबईच्या बसमध्ये तुळसाबाई पदर ओला करून कव्हर पुसत राहिली. कुंकू अजूनच पसरलं.

"तुमचा दाखवा ना, कसा केला."

"हात नको लावू! कुंकू लागन." त्यानं गळ्यातली पिशवी बनियनात सारली.

विमानतळावर पहिल्या काउंटरवरच्या पोरीनं नुसते फोटो पाहून दोघांना पुढं सोडलं. दुसऱ्या काउंटरवर शिक्का मारणारा साहेब बसला होता. तुळसाबाईचा पासपोर्ट घेताच त्याचं बोट लाल झालं. त्यानं बोटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

जगदेवनं डोळे मिटले.

"पूजा केली का, मावशी?"

"व्हय, बाप्पा. चुकलं."

"माझी आई तर नव्या मोबाइललाही लावते." ठप्पकन शिक्का बसला. "जा."

तुळसाबाई पलीकडं गेली. "या ना अवो लवकर!"

जगदेवला आता कसली भीती? त्यानं ऐटीत पिशवी उघडून आपला पासपोर्ट सरकवला. "पाहा साहेब. एक डाग सापडला तं सांगा."

साहेबानं फोटोच्या पानावर उघडाच असलेला तो पासपोर्ट उजेडात धरला. उलटा केला. नखानं कड खरवडली. मग हातातला शिक्का हळूच खाली ठेवला.

"काका, पान कसं उलटू? तुम्ही तर अख्ख्या पासपोर्टाचं लॅमिनेशन करून आणलंय."