फाटकावरची पाटी

बनुबाईने डोक्यावरची पत्र्याची ट्रंक ओसरीवर उतरवली तेव्हाच दत्तारामने ओळखलं. ट्रंक म्हणजे मुक्काम. तिच्या मागोमाग भाची आली, गौतमी, यंदा बारावी झालेली. मामाच्या पाया पडली आणि भिंतीला टेकून बसली.

बनुबाईने आधी भावासाठी आणलेलं नाचणीचं पीठ काढून दिलं, मग बोलली. पोरीला महाडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. उद्यापासून वर्ग. त्यांच्या वाडीवरून पोलादपूरला उतरायलाच दोन तास, रोज जाऊन येऊन व्हायचं नाही. तुझ्याकडे राहील, म्हणाली, झाडलोट करील, वहिनीला हात देईल.

दत्तारामचं गणित साधं होतं. मुंबईची नोकरी सोडून आल्यापासून तो ते भेटेल त्याला ऐकवायचा. शेतात पेरा आणि आभाळाकडे बघत बसा. त्यापेक्षा कॉलेजच्या वाटेवर खाटा टाका, जूनला पीक आपोआप उगवतं. कुडपणची वडिलांची जमीन मुंबईच्या पार्टीला विकून त्याने इथे महाडात चार खोल्या बांधल्या, भाड्याच्या सोळा खाटा टाकल्या, त्याही मुलींसाठीच, कारण मुली भिंतीला खिळे मारत नाहीत. आणि एक नियम केला: नातेवाईक ठेवायचा नाही. एकाला ठेवलं की सगळा डोंगर खाली उतरतो.

त्या जमिनीत बनुबाईचाही वाटा होता. हक्कसोडीच्या कागदावर तिने हसत अंगठा दिला होता. वाटा घेतला की माहेर तुटतं, म्हणाली होती. दत्तारामने तेव्हा तिला एक लुगडं घेतलं होतं. आज ती तेच नेसून आली होती.

लुगड्याकडे न बघता तो म्हणाला, "सगळ्या खाटा भरल्यात गो बनू. आधी पोलादपुरातून फोन तरी करायचास."

वरच्या खोलीतली खिडकीजवळची खाट कालच मोकळी झाली होती.

बनुबाईने ट्रंक पुन्हा आपल्याकडे ओढली. मग तीच भावाची समजूत घालायला लागली.

"असू दे रे दादा. लोकांच्या लेकी हायत, त्यांना काय बाहेर काढशील? पुढल्या साली बघू."

पुढल्या साली काय असतं ते तिघांनाही ठाऊक होतं. वाडीत पुढल्या साली पोरींची लग्नं होतात. दत्तारामला स्वतःची लाज वाटली. खरं सांगायला अजून वेळ होता, पण तो त्याने चहा घ्या, चहा घ्या करण्यात घालवला.

एसटी चुकेल म्हणून दोघी निघाल्या. ट्रंक परत बनुबाईच्या डोक्यावर गेली. दत्ताराम फाटकापर्यंत पोचवायला आला. त्या आल्या तेव्हा फाटक बाहेरच्या बाजूला सताड उघडं, भिंतीला टेकलेलं होतं. जाताना गौतमीने ते ओढून लावलं आणि त्यावरची पाटी तिच्यासमोर आली. 'मुलींसाठी एक खाट रिकामी आहे.' सकाळी दत्तारामनेच ती तारेने बांधली होती. मघाशी खोटं बोलताना त्याला पाटीची आठवणही झाली होती. पण बनूला कुठं वाचता येतं, म्हणून तो निर्धास्त राहिला. जिच्या कॉलेजचं बोलणं चाललं होतं तिला वाचता येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गौतमीने पाटी वाचली. मग गजांमधून मामाकडे बघितलं.

"काय लिवलंय गो?" बनुबाईने विचारलं.

"मामाचं नाव हाय, आये."

बनुबाईने एका हाताने ट्रंक सावरली, दुसऱ्या हाताने पदर पुढे घेतला आणि पाटीवरचे चिखलाचे शिंतोडे नीट पुसून काढले.