बरणीतले गप्पी मासे

"हलतायत का गं अजून?" पप्पांनी दारातूनच विचारलं. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

बरणीत पप्पांच्या कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यातून ओढ्यात जाणारं पाणी होतं आणि त्यात मी सोडलेले गप्पी मासे. ते पाणी खरंच शुद्ध होऊन बाहेर पडतं का, हे तपासणं हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. मी शाश्वत विकास या विषयात पदवी घेतेय, हे पप्पांनी पाहुण्यांना कधी धड सांगितलं नव्हतं. "सायन्स करते," एवढंच म्हणायचे.

दुपारी चाचणीची मुदत संपली. मी चिमूटभर कणीक टाकली, तसे सगळे मासे वर झेपावले. पप्पा मटकन खुर्चीत बसले आणि रुमालानं मान पुसू लागले.

"आणि मेले असते तर?"

याच प्रश्नाची मला आठवडाभर धास्ती होती. "तर तसंच लिहिलं असतं, पप्पा. आपल्या कारखान्याच्या नावासकट."

ते उठून बरणीपाशी आले. मग त्यांनीही थोडी कणीक टाकली.

"तुझ्या त्या विषयाचं नाव परत एकदा सांग," ते म्हणाले. "पाहुण्यांना नीट सांगता आलं पाहिजे."