एकाच घरची दहा माणसं

"एकाच घरची दहा माणसं असतील, तरच तिकिटामागे चार आणे सूट," मालवण बंदरावरच्या कारकुनाने लवूला बजावलं. लवूची माणसं भरत होती सात. लांब पाण्यात रत्नागिरीची बोट भोंगा देत होती. चार येरझाऱ्या घालून शेवटी तो त्याच बोटीसाठी आलेल्या थोरल्या भावासमोर, भिकाजीसमोर जाऊन उभा राहिला. तीन वर्षांत दोघं एका शब्दाने बोलले नव्हते.

"दादा, आमी सात, तुमी तीन. सगळे मिळान धा जातत."

भिकाजी तिकिटाच्या खिडकीशी आला.

"एकत्र राहता ना?" कारकुनाने विचारलं.

"म्हणजे काय! एकाच चुलीवरचं जेवतो," दोघं एकदमच म्हणाले.


दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या कोर्टात ही दहा माणसं घराच्या वाटणीच्या दाव्यात एकमेकांविरुद्ध साक्ष देणार होती.